मुंबई ते लंडन : अंतर आणि वेळ

मुंबई व लंडन येथील विमानतळांमध्यें अंतर किती, आणि तें आक्रमण्यास विमानास किती वेळ लागतो, हे दोन प्रश्न ऐकावयास सोपे आहेत. परंतु त्यांचीं उत्तरें देतांना भूगोल व गणित या दोहोंची कसोटी लागते. म्हणून त्यांचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अंतर पाहूं. भिंतीवरील नकाशांत मुंबईपासून लंडनपर्यंत सरळ रेघ ओढिली, तर ती इराकवरून जाते. पण नकाशा सपाट, आणि परमेश्वरानें निर्मिलेली पृथ्वी गोल! शाळेंतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे सरकून इराण, कॉकेशस पर्वत व काळा समुद्र यांवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. हा दोरा पृथ्वीच्या मध्याशीं सुमारें ६५ अंशांचा कोन करितो. पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर; त्यास ३६० नें भागिलें म्हणजे एका अंशास १११ किलोमीटर येतात. ६५ ला १११ नें गुणिलें असतां ७,२१५ येतात. म्हणजे अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर झालें. एखाद्या देशाचें आकाश युद्धामुळें बंद असल्यास वळसा पडतो, तो निराळा.

आतां वेळ. विमानाचा वेग ताशीं ८८० किलोमीटर धरूं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर या वाटेनें बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो सरासरी ताशीं ६० किलोमीटर धरिला, तर जातांना वेग ८२० उरतो व ८ तास ४७ मिनिटें लागतात. येतांना तो ९४० होऊन ७ तास ४० मिनिटें पुरतात. चढणें, उतरणें, धांवपट्टीपर्यंत जाणें व थोडाबहुत वळसा यांस सुमारें एक तास मिळवावा. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून प्रथम लंडनला निघालें, तेव्हां त्यास कैरो व जिनीव्हा येथें थांबावें लागलें होतें. आतां तीच वाट एका दमांत संपते.

खरी चूक होते ती घड्याळामुळें. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची, तर पोहोंचण्याची वेळ लंडनची असते. हिवाळ्यांत मुंबईचें घड्याळ साडेपांच तास पुढें असतें. उन्हाळ्यांत लंडनचीं घड्याळें एक तास पुढें करितात, म्हणून फरक साडेचार तासांचा उरतो. समजा, डिसेंबरांत विमान सकाळीं ८ वाजतां सुटलें व तिकिटावर पोहोंचण्याची वेळ दुपारीं साडेबारा आहे. वजाबाकीनें साडेचार तास येतात. परंतु त्यांत साडेपांच मिळविले म्हणजे खरा प्रवास दहा तासांचा ठरतो.

ज्यांचीं मुलें शिक्षणासाठीं परदेशीं जातात, त्या पालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. दुपारीं साडेबारापासून निरोपाची वाट पाहणाऱ्या मातेच्या जिवाची व्यर्थ घालमेल होते. त्या वेळीं विमान अर्ध्या वाटेवरही आलेलें नसतें. तें उतरतें तेव्हां आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात.

विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण घरीं सोडवावें. जानेवारींत विमान लंडनहून सकाळीं १० वाजतां सुटून मुंबईस मध्यरात्रीनंतर साडेबारास पोहोंचतें, तर प्रवास किती तासांचा? येथें साडेपांच तास मिळवावयाचे कीं वजा करावयाचे, याचें कारणही उत्तराबरोबर लिहावें.