जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे पाणी

मळणीच्या दिवसांत जुना ट्रॅक्टर तापून उभा राहिला, की 'पाणी कमी पडले' असे म्हणून विहिरीचे दोन घागर पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते व काम पुढे चालू होते. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. असे वारंवार ओतलेले पाणीच इंजिन तापण्याचे मूळ कारण होऊन बसते, हे पुष्कळ ट्रॅक्टरमालकांच्या ध्यानी येत नाही.

जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे पाव ते एक-तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाला फेस येत नाही, ते जड समजावे. पाणी तापले म्हणजे त्यातील चुना सिलिंडरभोवतालच्या पोकळीत खपलीसारखा बसतो. वाफ उडून जाते, परंतु क्षार मागे राहतात, आणि नवे पाणी आपला चुना घेऊन येते. चुन्याच्या थरातून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच सावकाश जाते. त्यामुळे रेडिएटर काठोकाठ भरलेला असूनही इंजिन आतून भाजत राहते. म्हणून पाणी वरचेवर कमी होत असल्यास ते जाते कोठे, याचा शोध प्रथम घ्यावा. रबरी नळ्यांचे जोड, पंपाखालचे लहान छिद्र व रेडिएटरचा तळ तपासावा. बाहेर कोठेही ओल नसेल, आणि इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर हेडच्या गॅसकेटचा संशय धरून मिस्त्रीस दाखवावे.

भरण्यास स्वच्छ साठविलेले पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. तयार कूलंट मिळत असल्यास अधिक चांगले. त्याने गंजही आवरतो. मात्र बहुतेक कूलंट गोडसर व विषारी असते. काढलेले कूलंट उघडे ठेवू नये. कुत्री व गुरे ते पिऊन दगावतात.

आतील तेलकट गाळ व सुटा गंज काढण्यासाठी दर १० लिटर पाण्यास पाव किलो धुण्याचा सोडा विरघळवून भरावा, इंजिन अर्धा तास चालवावे, गार झाल्यावर ते पाणी सोडून द्यावे आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून काढावे. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्यास सोडा वापरू नये. जुना घट्ट चुना सोड्याने निघत नाही. ते काम जाणकाराकडे द्यावे.

रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसते. ते पंख्याच्या बाजूकडून बाहेर हवा मारून काढावे; पुढून मारल्यास अधिकच आत ठासते. पंख्याचा पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण दीड सेंटिमीटर दबावा.

झाकण ही क्षुल्लक वस्तू नव्हे. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. झाकणाने दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब धरला, तर तेच पाणी ११० अंशांपर्यंत टिकते. झिजलेल्या रबराचे झाकण बदलणे हा स्वस्तातला उपाय होय. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत मात्र सोडावी. थंड चालणारे इंजिन डिझेल जास्त खाते व सिलिंडर लवकर झिजवते. थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात तापवून पाहावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला, तर तो चांगला आहे.

एवढे करूनही शेतात पाणी उकळलेच, तर ओझे काढावे. पाणी शिल्लक असेल तर इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवावे, संपले असेल तर ताबडतोब बंद करावे. झाकणास लगेच हात लावू नये. निदान अर्धा तास थांबून, त्यावर जाड गोणपाट टाकून ते हळूहळू सैल करावे. तापल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड तडकते, आणि ऐन मळणीत ट्रॅक्टर कित्येक दिवस कारखान्यात पडून राहतो.