अंगणांतील अडुळसा

अडुळशाचें कुंपण ज्यानें एकदां लाविलें त्याला शेळ्यांची धास्ती राहत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणमासीं एका खेड्यांत आमचा मुक्काम होता, तेव्हां हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. तेथील शाळेच्या आवाराला एका अंगास अडुळशाची व दुसऱ्या अंगास जास्वंदीची रांग होती. रोज सकाळीं गांवचा कळप त्या वाटेनें रानांत जाई. आठवड्याभरांत जास्वंदीच्या नुसत्या काड्या उरल्या, परंतु अडुळशाच्या एका पानासही दांत लागला नाहीं. तमिळ भाषेंत या झुडपाला जें नांव आहे त्याचा अर्थच मुळीं ‘शेळी शिवत नाहीं तें’ असा सांगतात. आणि स्वीडन देशचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें सन १७५३ सालीं वनस्पतींची जी मोठी यादी छापिली तींत तेंच नांव ‘आधाटोडा’ असा लॅटिन पोशाख घालून बसलेलें आहे. आपल्या संस्कृत ग्रंथांतील वासा किंवा वासक तो हाच. त्या गांवची आणखी एक गोष्ट आहे. परंतु ती लागवडीचें सांगून झाल्यावर सांगूं.

प्रथम ओळख नीट झाली पाहिजे. अडुळसा हा आबोली व कोरांटी यांच्या कुळांतला. तो पुरुषभर किंवा त्याहून थोडा अधिक उंच होतो, व त्यास बुंध्यापासूनच पुष्कळ फांद्या फुटतात. पानें समोरासमोर जोडीनें येतात. तीं वीतभर लांब, दोन्ही टोकांस निमुळतीं, कडेला दांते नसलेलीं आणि चवीला अतिशय कडू असतात. हिवाळ्यांत शेंड्यांजवळ दाट तुरे धरतात व त्यांत पांढरीं फुलें उमलतात. प्रत्येक फुलाला वर एक व खालीं एक असे दोन ओठ असून खालच्या ओठावर जांभळ्या रेघा ओढलेल्या असतात. मधमाश्या त्यांवर सारखी ये-जा करतात. बोंड लहान असतें. तें वाळलें म्हणजे तटकन् फुटून बिया दूर उडवितें.

दोन ठिकाणीं फसगत होते. काळा अडुळसा म्हणून एक झुडूप बागांतून लावितात. त्याचीं पानें अरुंद, व देंठ आणि शिरा जांभळट असतात. तें याच कुळांतलें खरें, परंतु निराळें. दुसरी फसगत बाजारांतली. महारुखाचीं वाळलेलीं पानें अडुळसा म्हणून खपविलीं जातात, आणि एकदां चुरा झाल्यावर तो ओळखणार कोण? म्हणून आमचें मत असें कीं, ज्याला अडुळसा वापरावयाचा आहे त्यानें तो आपल्या दारीं लावावा.

लावण्यास बीं नको, फांदीचा तुकडा पुरे. एका वर्षाची, पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून किंचित जाड अशी फांदी निवडावी. अगदीं कोंवळा शेंडा कुजतो, व जुनाट लांकूड लवकर फुटत नाहीं. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळे असलेले तुकडे धारदार कोयत्यानें तोडावे. खालचा काप डोळ्याच्या लगत व तिरपा असावा, वरचा सरळ. म्हणजे कोणतें टोक मातींत जावयाचें हें मागाहून चुकत नाहीं. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु उलट्या खोंवलेल्या काड्या आम्हीं एकाहून अधिक अंगणांत पाहिल्या आहेत, व ‘हिच्या हाताला यश नाहीं’ असा बोल बिचाऱ्या लावणारणीला लागलेला ऐकला आहे. काडीचीं खालचीं पानें काढून टाकावीं, आणि वरचीं एक-दोन ठेवून तींही निम्मीं कापावीं. नाहींतर मूळ नसलेली काडी पानांवाटें आपलें सारें पाणी गमावून सुकते.

पाण्याची सोय असेल तर फाल्गुनांत पिशव्यांत काड्या लावून आषाढांत रोपें बाहेर लावावीं. सोय नसेल तर मृगाचा पाऊस जमिनींत चांगला मुरूं द्यावा व मग काड्या जागेवरच लावाव्या. निम्मे डोळे मातींत, निम्मे वर. भोंवतालची माती हातानें घट्ट दाबावी. पुढें डोळे फुटले म्हणजे मुळें धरलीं असें समजून काडी उपटून पाहणारे हौशी लोक असतात. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, पहिलीं पानें काडीच्या आंतल्या सांठ्यावर फुटतात व मुळें बहुधा मागाहून येतात. दोन महिने तिला हात लावूं नये.

जमीन जवळजवळ कोणतीही चालते, मुरमाड माळही चालतो. पाणी सांचून राहणारी जागा मात्र मानवत नाहीं. चिकण काळ्या रानांत वीतभर उंच वरंबा करून त्यावर लागण करावी. खड्डा हातभर लांबरुंद असावा, व त्यांत घमेलेंभर शेणखत घालावें, परंतु तें पुरतें कुजलेलें असावें. ताज्या शेणाची उष्णता कोंवळ्या मुळांस सोसत नाहीं. पानांसाठीं लावावयाचें तर दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावें, कुंपणासाठीं एक ते दीड फूट. झाडाच्या विरळ सावलींतही अडुळसा जगतो. पहिल्या वर्षीं पाऊस सरल्यावर आठ-दहा दिवसांनीं एकदां पाणी द्यावें व उन्हाळ्यांत बुडाशीं पालापाचोळा पसरावा. पुढें देशावरचा उन्हाळा तो आपल्या बळावर काढतो. पानें गळलीं तरी पाऊस पडतांच फुटवा येतो.

रोग फारसे नाहींत. पानांवर तपकिरी ठिपके पडल्यास तीं पानें खुडून जाळावीं, सुरवंट दिसल्यास वेंचावे. कीटकनाशक मात्र या झाडावर कधींही फवारूं नये, आणि झाड शेताच्या बांधावर असेल तर शेजारच्या कपाशीवरचा फवारा वाऱ्यानें त्यावर येतो हें विसरूं नये. अशा बांधावरचीं पानें पोटांत घेण्यास योग्य नव्हेत, मग तीं कितीही टवटवीत दिसोत.

न छाटलेलें झुडूप खालून उघडें पडतें. म्हणून दरवर्षीं पावसाच्या तोंडीं तें कमरेएवढें ठेवून छाटावें. छाटलेला पाला फेकूं नये. भातखाचरांत तो हिरवळीचें खत म्हणून तुडवितात, फळें ठेवतांना त्यांत त्याचा थर देतात, आणि त्यापासून पिवळा रंगही निघतो. औषधासाठीं दुसऱ्या वर्षापासून पानें घ्यावीं, तींही पुरतीं वाढलेलीं व गर्द हिरवीं. एका वेळीं झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ओरबाडूं नये. वाळवावयाचीं असल्यास सावलींत वाळवावीं; उन्हांत त्यांचा रंग उडतो, व ओलसर भरल्यास बुरशी येते.

अडुळशाचा गुण तो कोणता? छातींतील घट्ट कफ तो पातळ करतो व श्वासनलिका सैल करतो, त्यामुळें कफ सुटतो. डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञानें सन १८८८ मध्यें पानांतून जें द्रव्य वेगळें काढिलें त्यास वासिसीन म्हणतात. पुढें १९६० च्या दशकांत त्याच्याच रचनेवरून बनविलेलें ब्रोमहेक्सिन हें औषध प्रचारांत आलें, व ब्रोमहेक्सिनापासून अँब्रॉक्सॉल. औषधांच्या दुकानांतून खोकल्याची बाटली आणिली तर तिच्यावरील बारीक अक्षरें एकदां वाचून पाहावीं. या दोहोंपैकीं एक नांव पुष्कळ वेळां सांपडतें.

पान चिवट व रस थोडा, म्हणून नुसतें कुटून पिळल्यास मनगटें दुखतात आणि हातीं कांहीं लागत नाहीं. जुने वैद्य वाटलेल्या पानांचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळून, वर माती लिंपून विस्तवांत भाजीत व मग पिळीत. यास पुटपाक म्हणतात. घरीं चाळणींत ठेवून पानांस वाफ दिली व मग तीं कुटून फडक्यांतून पिळलीं तरी काम भागतें. मोठ्या माणसास १० ते २० मिलिलिटर, म्हणजे दोन ते चार चहाचे चमचे, हें आयुर्वेदांतील प्रमाण आहे. अधिक घेतल्यास ओकारी व जुलाब होतात. रस मधाबरोबर देण्याची रीत आहे. परंतु एक वर्षाच्या आंतील मुलास मध मुळींच देऊं नये, त्यानें क्वचित् अर्भकाच्या जिवावर बेततें. लहान मुलांस अडुळसाही डॉक्टरांस विचारल्यावांचून देऊं नये. आणि गरोदर स्त्रीनें तो घेऊंच नये. वासिसीनानें गर्भाशय आवळतो. बाळंतपण अडलें असतां सुइणी पूर्वीं अडुळसा देत तो याच गुणासाठीं, आणि जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत १९७० नंतर झालेल्या अभ्यासांतही हाच परिणाम दिसून आला. इतकें असून ‘झाडपाला तो, त्यानें काय होणार?’ असें म्हणून सहाव्या महिन्यांतल्या सुनेपुढें काढ्याची वाटी ठेवणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत.

आतां त्या खेड्याकडे परत येतों. शाळेला लागून असलेल्या घराच्या पडवींत एक वृद्ध गृहस्थ खोकत बसलेले असत. त्यांच्या सूनबाई रोज कुंपणाचीं पानें तोडून काढा करीत. आम्हांस झाडपाल्याची हौस. आम्हीं त्यांना वाफेची रीत दाखविली. रस भरपूर निघाला, तेव्हां त्यांना व आम्हांलाही मोठें समाधान वाटलें. खोकला किती दिवसांचा आहे, हें मात्र आम्हीं विचारलें नाहीं. तो होळीपासूनचा होता.

रसानें आजोबांचा कफ सुटे, रात्रीं थोडी झोप लागे, आणि म्हणूनच दवाखान्याची घाई कोणी केली नाहीं. दसऱ्याच्या सुमारास थुंकींत रक्त दिसलें तेव्हां त्यांना तालुक्याच्या रुग्णालयांत नेलें. थुंकींत क्षयाचे जंतु सांपडले. मग घरांतील सर्वांची तपासणी झाली, तींत सहा वर्षांच्या नातीलाही रोग लागल्याचें निघालें. ती रोज आजोबांजवळ बसून जेवीत असे.

रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु शोधल्याचें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. त्यापूर्वींच्या वैद्यांच्या तोंडीं, वासा असतांना क्षयरोग्यानें निराश होऊं नये, अशा अर्थाचें वचन असे. त्यांच्यापाशीं दुसरें होतें काय? त्यांना आम्ही दोष देत नाहीं. परंतु सन १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाचा दाखला देऊन अडुळशानें क्षय जातो असें आजही सांगणारे भेटतात. त्या निबंधांत ब्रोमहेक्सिन व अँब्रॉक्सॉल यांनीं प्रयोगशाळेंतल्या कांचेच्या भांड्यांत क्षयजंतूंची वाढ रोखली, एवढेंच आहे. कांचेचें भांडें म्हणजे माणसाची छाती नव्हे. छातींतील क्षय आयसोनायझिड, रिफाम्पिसिन इत्यादि औषधें मिळून, सामान्यतः सहा महिने, एकही दिवस न चुकवितां घेतल्यानें बरा होतो. नुसता कफ पातळ झाला तर खोकला हलका होतो आणि जंतु आपलें काम करीत राहतात.

तेव्हां अडुळशाला फार तर चौदा दिवस द्यावे, पंधरावा देऊं नये. खोकला त्यापुढें गेला तर थुंकीची तपासणी करावी. आणि संध्याकाळचा ताप, रात्रींचा घाम, वजनाची घट किंवा थुंकींत रक्त असेल तर चौदा दिवसही थांबूं नये. तपासणी व औषधें सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठीं रोग्याच्या खात्यांत सरकार पैसे घालतें. एप्रिल २०१८ पासून ते दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. घरांतील ज्या माणसांना रोग झालेला नाहीं त्यांच्यासाठीं प्रतिबंधक औषधही आहे. तें आपण होऊन विचारून घ्यावें.

आजोबा व नात दोघेंही औषध पुरें करून बरीं झालीं. पुढच्या मृगांत आम्ही त्या गांवीं गेलों, तेव्हां सूनबाई कोयता घेऊन कुंपणापाशीं उभ्या होत्या. “हे झाड मुळासकट काढून टाकते आता,” त्या म्हणाल्या, “ह्यानंच आम्हाला फसवलं.” झाडानें नव्हे, न विचारतां रीत शिकविणाऱ्या आम्हीं फसविलें, असें आम्हांस त्यांना सांगावें लागलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं कोयता आमच्या हातीं दिला, व आम्हीं तें कुंपण कमरेएवढें छाटिलें. छाटणींतून चाळीस काड्या निघाल्या. त्या ओल्या गोणपाटांत गुंडाळून सूनबाईंनीं आपल्या माहेरच्या वस्तीवर पाठविल्या, व घरोघरीं चौदा दिवसांचा निरोपही बरोबर दिला. बत्तीस काड्या फुटल्या असें दिवाळींत कळलें. उरलेल्या आठांपैकीं तीन उलट्या लाविल्या होत्या.