मण्याच्या पोटातील चांदणी

काचेच्या मण्यावरची नक्षी वरून काढलेली असते, असे आपण सहज धरून चालतो. व्हेनिसजवळील मुरानो बेटावरचा 'रोझेत्ता' मणी मी अभ्यासाला घेतला तो याचसाठी. त्याची चांदणी पोटातून आलेली असते.

तापलेल्या पोकळ काचगोळ्यावर पांढरे, तांबडे, निळे थर चढवायचे, मधूनमधून तो खाचांच्या साच्यात दाबायचा आणि मग दोन टोकांनी धरून लांब ओढायचा. नळी बारीक होते, पण आतली बारा टोके शाबूत राहतात. तुकडे करून कडा घासल्या की थर उघडे पडतात. घासणे म्हणजे शेवटची सफाई, अशी आपली समजूत. येथे रेखाटन तेच करते!

रंगीत मातीच्या थरांवर मी हे करून पाहिले. सरळ काप घेतला तेव्हा चांदणी दिसली. टोक निमुळते घासताच थरांना नागमोडी किनार आली.

ही शैली परंपरेने मारिया बारोविएर हिची मानतात. १४८७ साली तिला स्वतःची लहान भट्टी घालण्याची परवानगी मिळाली. वडील अँजेलो नावाजलेले काचकार, घराणे भट्ट्यांचे. तरी तिला वेगळी भट्टी हवी होती, हे मला मण्याइतकेच बोलके वाटते.