हातानें आटे पाडण्याची कृति

नांगर, कोळपें किंवा पंप यांचे मोठे भाग शाबूत असून केवळ एका बोल्टाचे आटे गेल्यामुळें काम अडून राहिलें, हा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंना असेल. वापसा कोणासाठीं थांबत नाहीं. असा बोल्ट गांवच्या लोहाराच्या साहाय्यानें हातानें तयार करितां येतो. त्याची रीत या लेखांत देत आहों.

माप ओळखणें.— कोणते आटे पाडावयाचे तें प्रथम निश्चित करावें. इंग्लंडांतील जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं ५५ अंश कोनाच्या आट्यांचें प्रमाण सुचविलें. जुन्या अवजारांवर हे इंची आटे आढळतात. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, आणि नव्या यंत्रांवर बहुधा ६० अंशांचे मेट्रिक आटे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; म्हणून अर्धा इंची व १२ मि.मी. हे बोल्ट नजरेला सारखेच दिसतात. ते ओळखण्यासाठीं आट्याच्या एका शिखरापासून पुढील दहाव्या शिखरापर्यंतची लांबी पट्टीनें मोजावी. ती साडेसतरा मि.मी. भरल्यास बोल्ट १२ मि.मी. चा साधा मेट्रिक समजावा, एकवीस मि.मी. हून किंचित अधिक भरल्यास अर्धा इंची व्हिटवर्थ समजावा, त्याला इंचास १२ आटे असतात. एकाची चाकी दुसऱ्यावर बळेंच चढवूं नये. ती एकदोन फेरे बसल्यासारखी वाटते, परंतु सर्व भार थोड्याशा आट्यांवर येतो आणि धक्के बसतांच ते कातरले जातात.

सळईवर आटे.— १२ मि.मी. च्या बोल्टासाठीं सळई मापापेक्षां सुमारें ०.२ मि.मी. बारीक असावी; पूर्ण जाडीची घेतल्यास डाय अडकते व आटे फाटतात. सळईचें टोंक कानशीनें उतरतें करावें आणि ती व्हाइसमध्यें सरळ उभी घट्ट धरावी. डायच्या ज्या बाजूचे आटे उतरते असतात ती बाजू खालीं ठेवून, दोन्ही हातांनीं सारखा दाब देत डाय फिरवावी. पहिले दोन फेरे झाल्यावर गुण्या लावून पाहावा. आरंभीं तिरपी गेलेली डाय पुढें सरळ होत नाहीं. नंतर दाबाची गरज नसते. अर्धा फेरा पुढें व पाव फेरा मागें, या क्रमानें चालावें. मागें फिरविल्यानें कीस तुटून मोकळा होतो. पोलादास तेल वारंवार द्यावें.

भोंकांत आटे.— येथें अधिक सावधगिरी हवी. कारण बोल्ट बिघडल्यास दुसरा करितां येतो, पण बिडाच्या पंपाचें भोंक बिघडल्यास किंमती भाग जातो. मेट्रिक भोंकाचें माप काढण्यास बोल्टाच्या जाडींतून दोन आट्यांमधील अंतर वजा करावें: १२ मधून १.७५ गेल्यावर १०.२५ राहतात, म्हणून १०.२ मि.मी. चें ड्रिल वापरावें. अर्धा इंची व्हिटवर्थसाठीं १०.५ मि.मी. घ्यावें. संचांतील तीन टॅप क्रमानें चालवावे. पोलादास तेल, अॅल्युमिनियमला रॉकेल लावावें. बीड कोरडेंच कापावें, कारण त्यांतील ग्राफाइटच वंगणाचें काम करतो. बंद भोंकांतील कीस वेळोवेळीं काढावा. टॅप कठीण तसाच ठिसूळ असतो. तो जड लागल्यास जोर न करितां मागें घ्यावा. आंत मोडलेला टॅप साध्या ड्रिलनें निघत नाहीं.

मर्यादा.— मऊ पोलादाच्या सळईचा बोल्ट नांगरास व कोळप्यास चालतो. परंतु ज्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे असतील, त्याच्या जागीं घरचा बोल्ट कदापि घालूं नये. मळणीयंत्राच्या किंवा ट्रॅक्टरच्या फिरत्या भागांतील असा बोल्ट तुटल्यास माणसाच्या जिवावर बेततें. तेथें त्याच आंकड्याचा बोल्ट विकतच आणावा.

प्रत्येकानें सर्व मापांचे संच घेण्याचें कारण नाहीं. आपल्या अवजारांचे बोल्ट मोजून वारंवार लागणारीं दोनतीन मापें ठरवावीं, आणि चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून तेवढे संच तेल लावून ठेवावे. हें काम पेरणीपूर्वीं सवडीनें शिकून घ्यावें, म्हणजे हंगामांत हात अडत नाहीं.