ग्रामपंचायतीच्या सेवकांचे शिक्षण

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीचे कारकून व पाणीपुरवठा सेवक प्रामाणिक आहेत, पण कामाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नाही. ते कोणी द्यावे?
— एक सरपंच, आंबेगाव तालुका

उत्तर : सरपंचसाहेब, ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असल्याने त्याच्या प्रशिक्षणाची तजवीज वरून होते, परंतु 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 61 अन्वये जे सेवक पंचायत स्वतः नेमते व ज्यांचे वेतन ग्रामनिधीतून देते, त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी प्रथमतः पंचायतीचीच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणीपुरवठा सेवकाचेच पाहा. पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर किती घालावी, क्लोरीन तपासण्याची ओटी चाचणी कशी करावी, आणि अखेरच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन का उरावा, हे ज्याला कोणी विहिरीवर नेऊन, हाताला धरून शिकविलेले नाही, त्याच्या हाती आपण गावाचे आरोग्य सोपवितो! हे शिक्षण आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी जागेवरच द्यावे.

कारकुनाचे दप्तर मात्र निराळे. जुन्नर व आंबेगावचा पश्चिमेकडील आदिवासी मुलूख अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा 1996 चा पेसा कायदा, त्याखालील 2014 चे नियम आणि ग्रामसभेच्या कोषाचा जमाखर्च त्याला अवगत हवा. पुण्याच्या ‘यशदा’ या प्रशिक्षण संस्थेतून असे प्रशिक्षण मिळावे म्हणून घोडेगावच्या पंचायत समितीमार्फत लेखी मागणी करावी.

30 जुलै 2014 रोजी ज्या तालुक्यातले माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गाडले गेले, त्या तालुक्यात आपत्तीची पूर्वसूचना ओळखण्याचे शिक्षण ऐच्छिक मानू नये. येत्या मासिक सभेतच तसा ठराव करावा, ही विनंती.