‘लॉग’ : ओंडक्यापासून नोंदीपर्यंत

‘लॉग इन’ आणि ‘लॉग आउट’ हे शब्द आज बँकेतील कर्मचारी व ग्राहक या दोघांच्याही तोंडी सहज येतात. त्यांचे मूळ मात्र संगणकात नसून शिडाच्या जहाजांवर आहे.

इंग्रजीत ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा मागील बाजूने समुद्रात सोडीत. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने १५७४ साली या पद्धतीचे वर्णन केले आहे. तुकडा पाण्यात जवळजवळ स्थिर राही, जहाज पुढे जाई आणि दोरी उलगडत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. सुमारे अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकत, तितके ‘नॉट’ जहाजाचा वेग. ‘नॉट’ म्हणजे गाठच! आजही जहाजांचा व विमानांचा वेग नॉटमध्येच सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

हा वेग, दिशा व वारा यांची नोंद ज्या वहीत होई, ती ‘लॉगबुक’. किनारा दिसेनासा झाला की जहाज कोठे आहे, हे याच नोंदींवरून ताडावे लागे. नोंद चुकली, तर जहाज खडकावर आदळण्याचे भय असे. डिसेंबर १८७२ मध्ये ‘मेरी सेलेस्ट’ हे जहाज अटलांटिक महासागरात निर्मनुष्य आढळले. माणसांचा पत्ता कधीच लागला नाही; लॉगच्या पाटीवरील २५ नोव्हेंबरची शेवटची नोंद तेवढी उरली होती.

पुढे ‘लॉग’ म्हणजे कोणतीही क्रमवार नोंद, असा अर्थ रूढ झाला. वैमानिक उड्डाणाचे तास ‘लॉग’ करतो. ‘वेबलॉग’चा संक्षेप होऊन ‘ब्लॉग’ झाला. काही प्रयोग मात्र थेट ओंडक्यावरून आले आहेत. ‘टू स्लीप लाइक अ लॉग’ म्हणजे गाढ झोपणे. नदीतून वाहत आणलेले ओंडके अडकून प्रवाह तुंबतो, तो ‘लॉगजॅम’. कामाची किंवा वाटाघाटींची कोंडी, हा त्याचा लाक्षणिक अर्थ. गणितातील ‘लॉग’ मात्र वेगळा. तो नेपियरने १६१४ साली ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या ‘लॉगॅरिदम’चा संक्षेप आहे.

संगणकातील ‘लॉग इन’मध्ये जहाजावरील अर्थ शाबूत आहे. कोण, केव्हा आत आले आणि काय केले, याची नोंद तेथून सुरू होते. म्हणूनच आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपल्या नावाच्या वहीत परक्याला लिहू देणे होय. काम संपल्यावर ‘लॉग आउट’ करणे म्हणजे ती वही मिटून ठेवणे. पूर्वी नोंदीवर जहाज विसंबून असे. आज तिच्यावर खातेदाराची ठेव आणि कर्मचाऱ्याचे नाव विसंबून आहे.