सायन्समध्ये भूगोल, आर्ट्समध्ये गणित: खर्च किती, विचारायचं कुठे?

राज्य मंडळाच्या अकरावीत ‘अर्धं सायन्स, अर्धं आर्ट्स’ असा प्रवेश मिळत नाही. शाखा एकच घ्यावी लागते. पण शाखेच्या आत थोडी मोकळीक आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

गणिताचं पुस्तक पाहा. बालभारतीने ते ‘कला व विज्ञान’ या दोन्ही शाखांसाठी एकच काढलंय, कॉमर्सचं वेगळं. म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र घेणारी मुलगी सायन्सवाल्यांचंच गणित शिकू शकते. उलट बाजूने, सायन्सच्या मुलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितासोबत बायोलॉजीऐवजी भूगोल किंवा मानसशास्त्र घेता येतं. त्याची किंमत पैशात नाही: बायोलॉजी सोडली की नीटचा रस्ता अवघड, गणित सोडलं की इंजिनिअरिंगचा. सायन्स करून पुढे बीएला जाता येतं. आर्ट्समधून बीएस्सीला जाणं मात्र जवळपास अशक्य. मन डळमळीत असेल तर हे आधी ध्यानात घ्या.

आता खरी मेख. अकरावी प्रवेशाचं ऑनलाइन पोर्टल तुम्हाला कॉलेज आणि शाखा देतं, विषय नाही. विषय मिळतात कॉलेजच्या ऑफिसात, तेही शिकवायला शिक्षक असेल तर. उदाहरणार्थ, उल्हासनगरचं सीएचएम किंवा तलरेजा कॉलेज, बदलापूरचं आदर्श: नुसतं नाव ऐकून पसंतीक्रमात भरू नका. खिडकीवर विचारा, ‘सायन्सला भूगोल आहे का? आर्ट्सला गणिताचे तास होतात का?’ ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा.

हे आधीच का विचारायचं? 2025-26 पासून साऱ्या राज्यात आलेल्या ऑनलाइन प्रक्रियेत जास्तीत जास्त 10 पसंतीक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो; नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या हुकतात.

खर्चाचं बोलू. त्या वर्षी नोंदणीला 100 रुपये होते. अनुदानित तुकडीत फी माफक, मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ; विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत तीच शाखा कितीतरी महाग पडते. एका कॉलेजात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असू शकतात. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. बदलापूरहून उल्हासनगर दोन स्टेशनं. लोकलच्या पासावर सवलत मिळते, फॉर्म कॉलेजातून घ्यायचा. घराचं बजेट कोलमडतं ते क्लासने. जेईई-नीटच्या दोन वर्षांच्या क्लासची फी सहज लाखावर जाते. मुलाला त्या परीक्षा द्यायच्याच नसतील, तर शेजारच्याने भरली म्हणून आपण भरायचं कारण नाही.

पसंतीक्रम लॉक करण्याआधी एक सकाळ काढून दोन-तीन कॉलेजं फिरून या. तुकडी अनुदानित आहे का, हेही त्याच खिडकीवर विचारा, आणि फीची पावती सांभाळून ठेवा.